खिडकीपलीकडच्या सेन्योरा

स्पेनमधल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा, काचेपलीकडे त्या बसलेल्या असतात. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, उजव्या हाताशी शिक्का, डाव्या हाताशी स्टेपलर. गाव माद्रिद असो, सेव्हिया असो की सालामांका, बाई त्याच. 'ओपोसिसिओनेस' नावाची स्पर्धापरीक्षा घासून पास झाल्यावर ही खुर्ची मिळते, आणि मग निवृत्तीपर्यंत तिच्यावरून बाईंना हलवण्याची कुणाची प्राज्ञा नसते. बाई मितभाषी. जे बोलतात ते आज्ञार्थात.

"सिएन्तेसे." म्हणजे बसा. "मुएस्त्रे." दाखवा. "रेपीता." पुन्हा सांगा. "पीदा." अपॉइंटमेंट मागा. आणि ही जमात ज्यासाठी जगप्रसिद्ध आहे तो शब्द शेवटी: "बुएल्वा." परत या.

ही प्रसिद्धी आजकालची नाही. मारियानो होसे दे लारा या लेखकाने १८३३ साली एक विनोदी लेख लिहिला आणि त्याचं शीर्षकच ठेवलं 'बुएल्वा उस्तेद मान्याना', म्हणजे 'उद्या या'. त्यातले फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत सगळी कामं उरकण्याच्या बेताने माद्रिदला येतात. त्यांचं नावही 'विनाविलंब' अशा अर्थाचं. ज्या दारी जावं तिथे एकच उत्तर मिळतं. सहा महिन्यांनी बिचारे हात हलवत मायदेशी जातात. स्पॅनिश माणूस आजही कचेरीचा विषय निघाला की हेच तीन शब्द उच्चारतो.

बाईंच्या रांगेत हटकून एक परदेशी विद्यार्थी असतो. रहिवासी कार्डासाठी आलेला. हातात 'ईएक्स-१७' अर्ज, '७९०' नंबरच्या फॉर्मवर भरलेल्या शुल्काची पावती, आणि डोक्यात वर्गात घोकलेला नियम. आदरार्थी आज्ञा करायची तर 'मी' चं वर्तमानकाळी रूप घ्यायचं, शेवटचा 'ओ' काढायचा आणि उलटा स्वर लावायचा. 'बोल्वेर' हे मूळ क्रियापद, 'बुएल्वो' म्हणजे मी परततो, म्हणून 'बुएल्वा'. 'मोस्त्रार' वरून 'मुएस्त्रो', म्हणून 'मुएस्त्रे'. अरेतुरेला हेच स्वर बरोबर उलटे: 'बुएल्वे', 'मुएस्त्रा'. म्हणजे एका क्रियापदात शेवटी 'आ' आला की आदर आणि दुसऱ्यात 'आ' आला की एकेरी! एवढा हिशेब मांडून होईपर्यंत बाईंच्या तीन आज्ञा सुटलेल्या असतात.

घाबरून तो म्हणतो, "रेपीते." पुन्हा सांग! बाई चष्म्यावरून बघतात. रागावत मात्र नाहीत, कारण स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही सर्रास 'तू' म्हणतात. त्या फक्त खिडकीची इभ्रत राखत उत्तर देतात: "रेपीता उस्तेद." आपण पुन्हा सांगा. विद्यार्थ्याला कळत नाही, ही दुरुस्ती होती की आज्ञा.

अकराच्या सुमारास बाई समोरच्या बारमध्ये कॉफीला जातात आणि तिथे त्यांचं व्याकरण सैल होतं. मैत्रिणीला म्हणतात, "सिएन्ताते, कुएन्ता." बस, सांग काय ते. "पीदे." मागव काहीतरी. इथे नियम सोपा. 'तो बसतो', 'तो सांगतो' याचं वर्तमानकाळी रूप जसंच्या तसं उचलायचं की 'तू' ची आज्ञा तयार. अपवाद मोजकेच आणि तेही घाईत तोडल्यासारखे: 'बेन', ये, 'तेन', घे, 'दी', बोल.

तेवढ्यात घरून फोन येतो. नातवंडांनी धुडगूस घातलेला असतो. आता आज्ञा अनेकांना, म्हणजे 'बोसोत्रोस'. मूळ क्रियापदाच्या शेवटचा 'र' काढून 'द' लावायचा: 'बोल्वेद', परत या, 'दोर्मीद', झोपा. गंमत अशी की इथे स्वर फुटत नाही. 'ओ' चा 'उए' आणि 'ए' चा 'इए' होतो तो त्या स्वरावर जोर पडला तरच. 'बुएल्वे' मध्ये जोर सुरुवातीला, 'बोल्वेद' मध्ये शेवटाला. म्हणूनच रांगेतला अर्जेंटिनाचा माणूस बायकोला 'बोल्वे' म्हणतो तेव्हाही 'ओ' शाबूत राहतो. तिकडची एकेरी आज्ञा याच अनेकवचनातून आलेली, फक्त 'द' गळालेला.

बाईंना यातलं काही ठाऊक नसतं आणि तरी फुटणारा स्वर त्या कधी चुकत नाहीत. चुकतात त्या भलतीकडेच. नातवंडांना 'बसा' म्हणायचं तर शुद्ध रूप 'सेन्ताओस'. बाई फोनवर ओरडतात, "सेन्तारोस!" निम्मा स्पेन असंच ओरडतो. १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीला हे अजून मान्य नाही. तिने २०१७ मध्ये एवढंच औदार्य दाखवलं, की 'निघा इथून' म्हणताना शुद्ध 'ईदोस' ऐवजी लोकांचं 'ईरोस' चालेल. थोडक्यात, पोरांना हाकलायची मुभा मिळाली, बसवायची नाही.

कॉफी संपते, बाई खुर्चीत परततात, आणि पुढच्या अर्जदाराला पुन्हा 'उस्तेद'.

स्पेनला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना एकच सांगणं. तू-तुम्हीचा सराव आपल्याला घरूनच असतो, त्यामुळे 'उस्तेद' ची भीती बाळगू नका. अपॉइंटमेंट आधी घ्या, प्रत्येक कागदाची झेरॉक्स न्या, आणि पावणेदोनला जाऊ नका. दोनला खिडकी बंद होते, मग 'बुएल्वा' चं रूप तुम्ही कितीही अचूक ओळखलंत तरी यावं उद्याच लागतं.