अस्सल नेता, दहा बाय वीस

नाशकात नेता घडतो तो फ्लेक्सच्या दुकानात. साहित्य फार लागत नाही: कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल आणि कानाला लावलेला मोबाइल. संगणकावर बसलेला पोरगा भाऊंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतो, पोट जरा आत घेतो आणि विचारतो, "भाऊ, कार्यसम्राट टाकू की विकासपुरुष?"

"दोन्ही टाक. जागा उरली तर 'अस्सल नेतृत्व' पण टाक."

जागा उरत नाही, कारण खाली शुभेच्छुक असतात. पासपोर्ट आकाराचे चाळीस चेहरे; कोणाचा आधी लागणार, यावरून पक्षात पहिली फूट तिथंच पडते.

सगळ्यांत खपाचा किताब 'भावी नगरसेवक'. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी 2026 उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता आणि भविष्यकाळ भाऊंकडे. उन्हानं फ्लेक्स विटले, नवे लागले. 'भावी' तेवढा ताजा राहिला. जागा 122, भावी मात्र चौकाचौकांत.

याच जिल्ह्यात एक खरेखुरे भाऊ होऊन गेले. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म 1902. लोकांनी त्यांना 'दादासाहेब' केलं, 'कर्मवीर'ही केलं. छपाईचा खर्च शून्य. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नाशकातली रोजची आघाडी सांभाळणाऱ्यांत गायकवाड पुढे होते. माणसं जमवायची, तुरुंगात गेलेल्यांच्या घरचं बघायचं, बाबासाहेबांच्या पत्रांना उत्तरं लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बंद दारासमोर.

1935 पर्यंत हे चाललं. दार उघडलं नाही. आजच्या हिशेबानं साफ अपयश: पाच वर्षं झाली आणि साधी एक फीत कापली नाही!

पुढे 1957 मध्ये नाशिकनं त्यांना लोकसभेत पाठवलं, नंतर ते राज्यसभेतही गेले. पण डिसेंबर 1964 मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा खासदारसाहेब पुन्हा रस्त्यावरच. मागणी पडीक जमिनीची, तीही दुसऱ्यांसाठी. भाऊंच्या सल्लागारांना हे कळणं अवघड आहे. जमिनीचा विषय निघाला की त्यांना आधी एनए आठवतं.

तरी आजचे भाऊ अगदीच निरुपयोगी आहेत असं नाशिककरांनी म्हणू नये. वाढदिवस सरला की फ्लेक्स उतरतो आणि फिरत फिरत निफाड-चांदवडकडच्या एखाद्या खळ्यावर पोचतो. अवकाळीचे ढग भरून आले की शेतकरी तो कांद्यावर ओढतो आणि भाऊंच्या जोडलेल्या हातांवर चार दगड ठेवतो. पाऊस पडून जातो. खालचा कांदा कोरडा निघतो.