रकाना क्रमांक चौदा

पदोन्नतीच्या फॉर्ममधला चौदावा रकाना एच-इंडेक्सचा आहे. चौकोन दोन अंक मावतील एवढाच. पेशीजीवशास्त्रात मी २२ वर्षं काम करते आहे, आणि या चौकोनात काय लिहायचं यावर दर वेळी माझी एक संध्याकाळ जाते. एका डेटाबेसमध्ये माझा आकडा १३ आहे, गूगल स्कॉलरवर १७. पहिला फक्त स्वतः निवडलेली नियतकालिकं मोजतो. गूगल स्कॉलर प्रबंधांतले आणि पुस्तकांतले संदर्भही धरतो. यातला कुठला हवा, हे फॉर्म सांगत नाही. मागच्या वेळी मी १३ लिहिला. शेजारच्या लॅबमधल्या सहकाऱ्याने १७च्या जातीचा लिहिला. समितीने दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडले.

त्या तेरातही मी अख्खी नाही, हे मला जास्त लागतं. लग्नाआधीचे माझे चार पेपर माहेरच्या आडनावाने छापलेले आहेत. यादीत आडनाव आणि एखादं आद्याक्षर उरतं, त्यामुळे त्या चार पेपरांची एक वेगळीच बाई तयार झाली आहे. तिने २००८ नंतर काही लिहिलेलं नाही. माझं पीएचडीचं सगळं काम तिच्या खात्यावर आहे. उलट, सासरच्या आडनावाखाली गव्हाच्या तांबेऱ्यावरचे दोन पेपर माझ्याकडे येऊन पडले. कुलकर्णी, जोशी, पाटील यांच्यापुढे एक 'एस.' लावला तर नुसत्या पुणे जिल्ह्यात किती संशोधक निघतील! तांबेऱ्याचे पेपर ज्यांचे होते त्यांना परत मिळावेत म्हणून मी कळवलं. सात महिन्यांनी ते निघाले. माझे चार अजून यायचे आहेत. नावं सारखी असली तरी संशोधक वेगळा ओळखता यावा म्हणून ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, तो मी घेतला आहे. पण समितीचा कारकून आकडा त्यावरून काढत नाही.

लिन मार्ग्युलिस यांचं मोठं काम आठवा. पेशीतल्या मायटोकाँड्रिया आणि हरितलवक हे एके काळचे स्वतंत्र जिवाणू होते, हे मांडणारा त्यांचा लेख पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला आणि १९६७ मध्ये तो 'जर्नल ऑफ थिऑरेटिकल बायॉलॉजी'त आला. लेखिकेचं नाव लिन सेगन. हे त्यांच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव. एमएस्सीच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतं, 'मॅडम, हा सेगन म्हणजे तो खगोलशास्त्रज्ञ ना?' मी दर वर्षी फळ्यावर दोन्ही नावं लिहिते.

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमच्या १३ पेपरांचा प्रत्येकी किमान १३ वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा आकडा १३. पेपरात तुमचं नाव पहिलं आहे की नववं, याने त्यात काही फरक पडत नाही. एखाद्याने 'यांचं म्हणणं आम्हाला पडताळता आलं नाही' असं लिहून उल्लेख केला, तरी उल्लेखांची संख्या एकाने वाढतेच. मूळ प्रयोग आम्ही करतो, पुढे कोणी आढावा घेणारा लेख लिहितो आणि मग सगळे त्या आढाव्याचा हवाला देतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं. दोन पानं मागे जाऊन मूळ पेपर उघडायला किती वेळ लागतो?

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. प्रथिनं मोजायची पद्धत. निळा रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. तीन लाखांहून अधिक उल्लेख. ही पद्धत मी स्वतः शेकडो वेळा वापरली आहे आणि त्यातला एकही उल्लेख मला जास्तीचा वाटत नाही. दुसरीकडे कोलकात्याचे शंभुनाथ डे. कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि जंतू गाळून काढले तरी ते काम करतं, हे त्यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं आणि १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. पुढे बरीच वर्षं त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. उल्लेख मोजायची पद्धत ज्यांनी उभी केली त्या युजीन गारफील्ड यांनीच डे यांच्यावर लेख लिहिला, तो १९८६ मध्ये. डे १९८५ मध्ये वारले होते.

पंधरावा रकाना इम्पॅक्ट फॅक्टरचा, तीन दशांश स्थळांपर्यंत. हा आकडा नियतकालिकाची सरासरी सांगतो. माझा पेपर कोणी वाचला की नाही, ते त्यातून कळत नाही. योशिनोरी ओहसुमी यांनी यीस्टमध्ये ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक पचवण्याची, जनुकं शोधायला घेतली, तो १९९३ चा पेपर 'फेब्स लेटर्स'मध्ये आला होता. आमच्या फॉर्मवर त्याला फार गुण मिळाले नसते. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं. माणसाला नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नका, हा जाहीरनामाही पेशीजीवशास्त्रज्ञांच्याच अधिवेशनातून निघाला, सॅन फ्रान्सिस्कोत, डिसेंबर २०१२ मध्ये. इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या कंपनीने स्वतः २०२३ पासून एकच दशांश स्थळ ठेवलं आहे. आमच्या फॉर्मला अजून तीन लागतात. मी पुढे दोन शून्यं लिहिते, आणि लिहिताना मला लाज वाटते, कारण ती शून्यं कोणी मोजलेली नाहीत.

आमच्या लॅबमध्ये पेशींची देखभाल काका करतात. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा, पेशी दाटल्या की पॅसेज करायचा, लिक्विड नायट्रोजनची पातळी बघायची. लक्ष्मीपूजनालाही ते सकाळी येऊन हूडसमोर बसतात. माझ्या अकरा पेपरांमधल्या पेशी त्यांनी सांभाळल्या आहेत आणि अकराही ठिकाणी त्यांचं नाव शेवटी, आभारात आहे. आभार कुठलाच डेटाबेस मोजत नाही. अकरा वेळा ते नाव मीच तिथे टाकलं.

पुढच्या महिन्यात जाणाऱ्या पेपरात तिसरं नाव त्यांचं आहे. कुठल्या पेशींचं दूषण झालं आणि का, हा त्यातला अख्खा भाग त्यांच्या वह्यांवर उभा आहे. नाव कसं लिहायचं, असं मी विचारलं. त्यांनी वहीचं पान फाडून स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहून दिलं. आद्याक्षरं करू नयेत, असं मी संपादकांना कळवलं आहे.