जस्टिस लीगचा दोष दुरुस्ती अहवाल

सहकार खात्यात लेखापरीक्षणाची नोकरी केलेल्या माणसाला टीव्हीसमोर बसवू नये. सगळे नायिकेचे डोळे पाहत असतात, तेव्हा हा तिच्या घराचं भाडं कोण भरतं याचा विचार करत असतो. माझ्या मुलीला हे पक्कं माहीत आहे. म्हणून 'जस्टिस लीग' लावताना तिने आधीच बजावलं, "बाबा, तू नुसता बघ. हिशोब काढत बसू नकोस."

मी नुसता बघायला लागलो. पहिलीच कथा संपता संपता बॅटमॅनने माझी झोप उडवली.

त्याचं असं झालं. परग्रहावरून आलेलं संकट सात जणांनी मिळून परतवलं. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, हॉकगर्ल, ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्ट्यूअर्ट, आणि मंगळावरचा जॉन जोन्झ. (सात जणांत जॉन दोन. हजेरीपुस्तक कोण ठेवतं कोण जाणे.) मग कायमचा संघ काढायचं ठरलं, आणि ठराव व्हायच्या आत कार्यालयही तयार! तेही साधं नाही, पृथ्वीभोवती फिरणारं 'वॉचटॉवर' नावाचं अवाढव्य अवकाशस्थानक. बांधलं बॅटमॅनच्या वेन कंपनीने. कंपनीच्या भागधारकांना हे ठाऊक आहे का, असा रास्त प्रश्न निघतो. त्यावर बॅटमॅन शांतपणे सांगतो की अवकाश-संशोधनाच्या अंदाजपत्रकात एका ओळीत तो खर्च दडवलेला आहे.

मी रिमोट घेऊन भाग थांबवला. एका ओळीत! अख्खं अवकाशस्थानक!

"अहो, ती कार्टूनं आहेत," स्वयंपाकघरातून आवाज आला. "त्यांच्याकडे पावत्या कसल्या मागताय?"

पण गंमत पुढे आहे. एवढं करून बॅटमॅन पूर्ण वेळ सभासद व्हायला तयार नाही. आपण माणसांत मिसळणारे नाही, गरज पडली तर बोलवा, आणि ती पडेलच, असं म्हणून मोकळा. इमारत याची, पैसा याचा, आणि सभासदत्व तेवढं नको. असे आधारस्तंभ मी गावोगावी पाहिलेत. सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो आणि इतिवृत्ताच्या एकाही पानावर त्यांची सही सापडत नाही.

मालिका अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर १७ नोव्हेंबर २००१ रोजी सुरू झाली. कर्ता ब्रूस टिम. त्याने आधी १९९२ पासून बॅटमॅनची आणि १९९६ पासून सुपरमॅनची मालिका केलेली, त्यामुळे हात बसलेला होता. 'जस्टिस लीग'चे ५२ भाग झाले, मग २००४ साली तिचंच 'जस्टिस लीग अनलिमिटेड' झालं आणि त्याचे ३९. एकूण ९१. त्याआधी अमेरिकन मुलांनी यातली काही मंडळी १९७३ च्या 'सुपर फ्रेंड्स'मध्ये पाहिली होती. तिथे सगळे इतके सज्जन होते की त्यांच्यात भांडण लावायला बाहेरून खलनायक आणावा लागे. त्या मालिकेने बिचाऱ्या अ‍ॅक्वामॅनचं कायमचं हसं करून ठेवलं: शहरात संकट आणि हा माशांशी बोलतोय. टिमच्या मालिकेतला अ‍ॅक्वामॅन दाढी वाढवलेला राजा आहे. तान्ह्या मुलाला वाचवायला दुसरा मार्ग उरत नाही तेव्हा तो साखळीत अडकलेला स्वतःचा हात तोडतो. त्यानंतर त्याला हसायची कुणाची हिंमत झाली नसावी. माझी तरी झाली नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. लेखापरीक्षक कौतुक लवकर संपवतो.

मुद्दा क्रमांक एक: सुपरमॅनचं करायचं काय? हा प्रश्न या मालिकेच्या मुळाशीच आहे. ज्या संघात सुपरमॅन आहे त्या संघाला बाकीच्या सहा जणांची गरज काय? उडतो तो, डोळ्यांतून आग काढतो तो, इमारत उचलतो तो. फ्लॅश जोरात पळतो हे खरं, पण सुपरमॅन काय पायी चालत येतो? पहिल्या वर्षी मालिकेच्या चालकांनी यावर जो तोडगा काढला तो पाहून मला त्यांची दया आली. कथा सुरू झाली की खलनायकाने सर्वांत आधी सुपरमॅनला आपटायचं. त्याला बेशुद्ध करून ढिगाऱ्याखाली ठेवलं की बाकीच्यांना काम मिळतं. शिवाय खलनायक किती मोठा हेही आयतंच सिद्ध होतं. इमारतीच्या आरपार जाऊन अंगावरची धूळ झटकणारा हा माणूस विजेचा झटका बसला की असा किंचाळायचा, जणू ओल्या हाताने गिझरचं बटण दाबलंय. त्यात त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांसारख्या रेघा काढलेल्या. जगाचा तारणहार सेवानिवृत्तीला आल्यासारखा दिसायचा.

प्रेक्षकांनी ओरड केली. आणि चालकांनी चक्क कबूल केलं की होय, आपण त्याला फार दुबळा केला. दुसऱ्या वर्षी सुपरमॅन मजबूत झाला, रेघाही गेल्या. ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. माझ्या अख्ख्या नोकरीत दाखवलेला दोष मान्य करून पुढच्या वर्षी खरोखर दुरुस्त करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एरवी दोष दुरुस्ती अहवालात 'नोंद घेतली' असं लिहून येतं, आणि पुढच्या वर्षी तोच मुद्दा, तोच क्रमांक, तोच चहा.

मुद्दा क्रमांक दोन जॉन जोन्झचा. हा मंगळवासी समोरच्याचं मन वाचतो. आता मन वाचणारा माणूस कार्यालयात बसलेला असताना रहस्यकथा चालवायची कशी? गुन्हा कोणी केला, तर जॉनला विचारा. दोन मिनिटांत अहवाल. म्हणून जॉनने कपाळाला हात लावायचा, कळवळायचं आणि कोसळायचं, असा रिवाज पडला. शत्रूचं मन फार गुंतागुंतीचं असतं, किंवा फार यांत्रिक, किंवा लेखकाला अजून दहा मिनिटं भरायची असतात. फ्लॅशचंही तेच. डोळ्याचं पातं लवायच्या आत शहराला फेरी मारणाऱ्या माणसाला कुठलाही सोम्यागोम्या ठोसा मारून जातो. तो चुकवायचा का विसरला, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तू परत हिशोब काढतोयस."

इतकं सगळं असून मी मालिका सोडली का नाही? कारण मारामारी थांबते तेव्हा ही मंडळी अशी काही वागतात की पाहत राहावं. 'कम्फर्ट अँड जॉय' नावाचा नाताळचा भाग आहे. सुपरमॅन जॉन जोन्झला सणाला गावी, आईवडिलांच्या घरी घेऊन जातो. सुपरमॅनचं वय झालंय, पण कागदाआडून भेटवस्तू पाहण्याचा मोह सुटत नाही. आईवडीलही कच्चे नाहीत. पोराची नजर भिंतीपलीकडे जाते पण शिशापुढे हरते, हे ओळखून त्यांनी भेटवस्तू शिशात गुंडाळलेल्या! जगात कुठेही जा, मुलगा कितीही मोठा होऊ दे, आई कपाटाची किल्ली कुठे ठेवायची ते जाणते. आणि ज्याचं सगळं कुळ नष्ट झालंय तो मंगळावरचा जॉन त्या घरातल्या मांजराला आपल्या भाषेतलं गाणं म्हणून दाखवतो. सुरुवातीची मोहीम सोडली तर त्या भागात कुणीही जग वाचवत नाही. अवकाशस्थानकावर कोण होतं, असा प्रश्न मला त्या वेळी सुचलासुद्धा नाही. यावरून माझी अवस्था ओळखा.

बॅटमॅनला गायला लावणारा भागही असाच. वंडर वुमनचं एका जादूगारणीने डुक्कर केलेलं असतं. शाप मागे घ्यायची जादूगारणीची अट अशी, की बॅटमॅनने असं काही द्यावं जे गेलं की परत मिळत नाही. बॅटमॅनकडे अशी एकच गोष्ट शिल्लक: प्रतिष्ठा. तो काळा मुखवटा, तो झगा, आणि रंगमंचावर उभं राहून भरल्या सभागृहात विरहगीत! आवाज केविन कॉनरॉयचा, गायलाही तोच. १९९२ पासून तो बॅटमॅनचा आवाज होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो गेला तेव्हा जगभर लोकांना हळहळ वाटली.

आणि लूथरचा तो आरसा! एकदा सुपरमॅनचा वैरी लेक्स लूथर आणि फ्लॅश यांची मनं एकमेकांच्या शरीरात जातात. लूथरला संधी चालून आलेली: फ्लॅशचा मुखवटा आता आपल्याच हातात. स्वच्छतागृहाच्या आरशासमोर तो विजयी मुद्रेने मुखवटा ओढतो, चेहरा निरखतो, आणि त्याच्या लक्षात येतं की या माणसाला आपण ओळखतच नाही. गुप्त ओळख जपण्यात या लोकांची हयात जाते, आणि अशा एका सामान्य चेहऱ्याने जगातला सर्वांत हुशार बदमाश नामोहरम होतो. यापेक्षा चांगला विनोद मी अलीकडे माणसांच्या मालिकांत पाहिलेला नाही.

'अनलिमिटेड'मध्ये सभासदसंख्या सातावरून एकदम पन्नासच्या पुढे गेली. सभासद वाढवण्याची मोहीम काढलेल्या संस्थांचं पुढे काय होतं हे मला सांगायची गरज नाही. निम्मे जण मागे रांगेत उभे राहण्यापुरतेच उरले. कित्येकांच्या तोंडी एकही वाक्य नाही. दोन-दोन भागांत सावकाश मुरणाऱ्या गोष्टी आता एकेका भागात उरकू लागल्या. पण हा दोषही त्यांनी एकदा कामाला लावला. बूस्टर गोल्ड नावाच्या हौशी सभासदाला, सगळे मोठे लोक लढायला गेलेले असताना, बघ्यांची गर्दी आवरायला ठेवतात. दरम्यान शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कृष्णविवर तयार होतं आणि हा गृहस्थ एकटा जाऊन शहर वाचवतो. परतल्यावर त्याला बक्षीस काय? जागा सोडून गेल्याबद्दल बोलणी. मोठी लढाई आपल्याला धड दिसतसुद्धा नाही, आणि तिची आठवणही येत नाही.

आता मालिकेतला माझा सर्वांत आवडता प्रसंग. 'अ बेटर वर्ल्ड' या कथेत दुसऱ्या एका विश्वातलं जस्टिस लीग दिसतं. तिथे फ्लॅश मारला गेलाय, चिडलेल्या सुपरमॅनने राष्ट्राध्यक्ष झालेल्या लूथरला जाळून मारलंय, आणि मग या मंडळींनी जगाचा ताबाच घेतलाय. गुन्हे बंद, शहरं चकचकीत. तिथला बॅटमॅन आपल्या बॅटमॅनला सांगतो की आमच्या जगात आता कुठल्याही पोराचे आईबाप गोळीला बळी पडणार नाहीत. यावर आपल्या बॅटमॅनला उत्तर सुचत नाही. पुढे दोघे गाडीतून जाताना एका उपाहारगृहासमोर एक माणूस बिलाची रक्कम चुकलीय म्हणून तक्रार करतो, आणि पोलीस त्याला पकडून नेतात. ते पाहून आपला बॅटमॅन एवढंच म्हणतो की आईबाबांना तुझा अभिमान वाटला असता. झालं. वाद संपला. बिलातली चूक दाखवणाऱ्याला अटक! हुकूमशाहीवर लिहिलेले जाडजूड ग्रंथ एका बाजूला, आणि हा प्रसंग एका बाजूला. मी उभा राहिलो. बायकोला वाटलं मी पाणी प्यायला उठलो.

तेव्हापासून या मालिकेत एक आर्थिक आणि नैतिक शिस्त आली, असं माझं मत आहे. सरकारतर्फे अमँडा वॉलर नावाची बाई उभी राहते आणि विचारते, तुम्ही डोक्यावर एक अवकाशस्थानक फिरवताय, त्याला खाली रोखलेली तोफ आहे, तुम्हाला परवानगी दिली कोणी? मालिका तिला खलनायिका म्हणून आणते, पण मी पहिल्या भागापासून तिच्या बाजूने होतो. ती आमच्या खात्यातलीच वाटते. आणि तिचं म्हणणं खोटं ठरत नाही, हे मालिकेचं सर्वांत मोठं बळ. लूथर ती तोफ पळवून डागतो, लोक भडकतात, तेव्हा संस्थापक सभासद स्वतःहून सरकारच्या स्वाधीन व्हायचं ठरवतात. फक्त बॅटमॅन जात नाही. का? तर तो अर्धवेळ आहे!

सांगत होतो ना, सही सापडत नाही.

पण या सगळ्यात लीगचा खरा आधार निघतो तो फ्लॅश, ज्याला सगळे पोरकट समजतात. 'फ्लॅश अँड सबस्टन्स'मध्ये त्याच्या मागावरच्या टोळीचा पत्ता ट्रिकस्टर नावाच्या आजारी मनाच्या माणसाकडून काढायचा असतो. बॅटमॅनची पद्धत आपल्याला माहीत आहे. फ्लॅश बारमध्ये त्याच्या शेजारी बसतो, गोळ्या घेणं बंद केलंस का म्हणून विचारतो, इस्पितळात भेटायला येईन म्हणतो. ट्रिकस्टर पत्ताही सांगतो, आणि हातातला पेला संपवून स्वतःहून हजर व्हायलाही तयार होतो. बॅटमॅन बघत राहतो. मीही.

राहता राहिला मुद्दा क्रमांक एक. त्याचा खुलासा २००६ साली, शेवटच्या भागात आला. परग्रहावरच्या जुलमी डार्कसाइडसमोर उभा असताना सुपरमॅन सांगतो की आपल्याला हे जग पुठ्ठ्याचं असल्यासारखं वाटतं. काही मोडेल, कुणी मरेल या भीतीने सतत हात राखून वागावं लागतं. पण तू सोसशील, म्हणून आज पहिल्यांदा हात मोकळा सोडतो. आणि तो खरंच सोडतो. रस्तेच्या रस्ते उभे फाटतात. पहिल्या वर्षातली सगळी आपटाआपटी यातून माफ होते का? पूर्ण नाही. विजेचा झटका बसल्यावर किंचाळायचं कारण त्यातून मिळत नाही. शिवाय त्या लढाईतही शेवटचा घाव सुपरमॅनचा नसून लूथरचा आहे. म्हणून शेरा असा: आक्षेप अंशतः निकाली.

तुम्हाला बघायची असेल तर पहिल्या वर्षापासून सुरू करू नका, सुपरमॅनची कीव येईल. दुसऱ्या वर्षातल्या 'अ बेटर वर्ल्ड'पासून लावा, नाताळचा भाग अजिबात चुकवू नका, आणि बॅटमॅन गातो तो भाग घरात सगळे असताना बघा.