संघबांधणीचा जाणकार

संघबांधणीचा जाणकार हा कबड्डी खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गावात आढळणारा आणि स्वतः कबड्डी न खेळणारा इसम होय. वाशिम जिल्ह्यात त्याचा अभ्यास करायचा असल्यास रिसोड तालुक्यातले रिठद सोयीचे पडते. वय चाळिशीच्या पुढे, आवाज हॅलोजनच्या खांबापर्यंत पोचणारा, उजवा गुडघा दुखरा. हा गुडघा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तो शाबूत असता तर महाराष्ट्राच्या संघाला डाव्या कोपऱ्याची चिंता करावी लागली नसती, असे जाणकाराचे मत आहे. गुडघा कोणत्या सामन्यात गेला याविषयी मात्र तो दरवेळी वेगळे गाव सांगतो. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तो बैलगाडीतून उतरताना गेला.

जाणकाराचा हंगाम सोयाबीन घरात आल्यावर सुरू होतो. हरभरा पेरून झालेला असतो, तूर शेतात उभी असते आणि गावोगावी ‘भव्य कबड्डी सामने’ अशी जाहिरातपत्रके लागू लागतात. सर्वसाधारण माणूस पत्रकावर पहिल्या बक्षिसाचा आकडा पाहतो, पुढारी देणगीदारांत आपले नाव पाहतो. जाणकार खालच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचतो. ‘एक गाव एक संघ’ ही अट वाचून तो सूचक हसतो, वजनगटाची अट वाचून गावातल्या पोरांची वजने तोंडपाठ सांगतो, आणि ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ या ओळीने व्यक्तिशः दुखावला जातो.

त्याच्या चिंतनाचा विषय एकच: गेल्या वर्षी संघ हरला तो साखळीमुळे, म्हणजे हात धरून उभ्या राहणाऱ्या बचावफळीमुळे, तेव्हा साखळी मोडून नवी आणायची, की आहे तीच घडवायची? संघ रेडरमुळे हरल्याचे त्याने आजवर मान्य केलेले नाही.

आता या बाबतीत तो अगदीच चुकीचा नसतो. बचावाला सात जण उभे असतात. दोन टोकांना कोपरे, त्यांच्या लगत इन, मग कव्हर आणि मधोमध सेंटर. चढाईला आलेल्या रेडरला तीस सेकंद मिळतात आणि त्या तीस सेकंदांत सगळे मैदान त्याच्याच नावाने ओरडत असते. कोपरा वाकून, शेजाऱ्याचा हात धरून, मुकाट रेडरच्या घोट्याकडे पाहत असतो. रेडर परतायला वळला की घोटा किंवा मांडी धरायची, आणि कव्हरने त्याच दमात धडक देऊन वाट बंद करायची. कव्हर क्षणभर मागे राहिला तर रेडर कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि गुण घेऊन उठतो. कोपऱ्याने घाई केली तर कव्हर कितीही तत्पर असून उपयोग नसतो. म्हणजे पकड ही एकट्याची करामत नसतेच. दोघातिघांनी न बोलता साधलेली ती गोष्ट असते. न बोलता काही साधणे जाणकाराच्या स्वभावात बसत नसल्यामुळे साखळीविषयी त्याला सर्वांत जास्त बोलावे लागते.

साखळीचे आणखी एक काम प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. रेडर बाद झाला की बाहेर जाऊन बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्याशिवाय, आणि तेही आपला क्रम आल्याशिवाय, त्याला आत येता येत नाही. गावाचा सर्वांत भारी रेडर बाहेर नखे कुरतडत बसलेला असतो तेव्हा त्याला परत मैदानात आणण्याची जबाबदारी त्या वाकून उभ्या असलेल्या कोपऱ्यावर असते. पकड झाली की रेडर आत येतो, एक चढाई मारतो, आणि त्याच्या नावाने शंभर रुपयांचे रोख बक्षीस लाउडस्पीकरवर पुकारले जाते. कोपऱ्याच्या ढोपराला लागलेली माती कोणी पुकारत नाही.

या प्रश्नावर जाणकारांचे दोन पंथ सांगता येतील, मोडणारे आणि घडवणारे. अडचण एवढीच, की दोन्ही पंथांत एकच माणूस असतो. सामना हरल्याच्या रात्री तो मोडणारा असतो. “साखळीच सडेल हाय. सातही बदला!” असे तो चहाच्या टपरीवर, कप खाली आपटून सांगतो. बाहेरून चांगले कोपरे आणायचे तर पैसे लागतील आणि त्यासाठी माणशी वर्गणी ठरली आहे, हे सकाळी कळले की तो घडवणारा होतो. “पोरं आपलीच हायेत भाऊ, जरा टाइम द्या त्याईले.” मताच्या या प्रवासाला एक रात्र पुरते, आणि तो प्रवास आपण केल्याची त्याला कल्पनाही नसते.

दोन्ही मतांच्या पुष्ट्यर्थ तो प्रो कबड्डी लीगचे दाखले देतो. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली आणि जाणकाराच्या ज्ञानाला आकड्यांची जोड मिळाली. २०१८ च्या लिलावात या लीगमधली एक कोटीची पहिली बोली लागली ती रेडरवर नव्हे, इराणच्या फजल अत्राचली या डाव्या कोपऱ्यावर. त्याला यू मुम्बाने घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला हरवले, आणि १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण आणणारा भारताचा पुरुष संघ कांस्य घेऊन परतला. या दोन घटना जाणकार एका श्वासात सांगतो आणि शेवटी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवतो.

पवन सेहरावत हे त्याचे दुसरे आवडते उदाहरण. २०२२ मध्ये या रेडरसाठी तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाख मोजले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. या गुडघ्याविषयी जाणकाराला समव्यावसायिकाचा जिव्हाळा आहे. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक दिले आणि तो संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. यावरून रेडरवर पैसा ओतू नये हे सिद्ध होते, आणि बाहेरचा माणूस आणूच नये हेही सिद्ध होते. कोणते सिद्ध करायचे ते वर्गणी ठरली आहे की नाही यावर अवलंबून असते.

खरी गंमत पुणेरी पलटणची. डिसेंबर २०२२ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तेव्हा त्यांचा कर्णधार आणि डावा कोपरा अत्राचलीच होता. पुढच्या मोसमासाठी त्यांनी आपली तरुण पोरे धरून ठेवली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला कर्णधार केले, अत्राचलीला जाऊ दिले आणि महंमदरेझा शादलू या दुसऱ्या इराणी खेळाडूला २ कोटी ३५ लाखांना आणले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून त्यांनी करंडक जिंकला. हा एकच करंडक जाणकार संध्याकाळी शादलूच्या नावावर मांडतो आणि सकाळी अस्लमच्या. पुढे शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला, तेव्हा महिनाभर मोडणाऱ्यांची सरशी होती. मग २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि करंडक दिल्लीने नेला. हा भाग जाणकाराच्या सांगण्यात येत नाही; त्या आठवड्यात त्याची तूर सोंगणीला आली होती म्हणतो, आणि तारखा पाहता हेही खरे नसावे.

गावपातळीवर मोडण्याचा कार्यक्रम लिलावाने होत नाही, मोटारसायकलने होतो. शेजारच्या जिल्ह्यातून एक कोपरा आणि एक कव्हर आणले जातात. पेट्रोल, मटणाचे जेवण आणि हातात ठेवायची रक्कम रात्रीच ठरते. ‘एक गाव एक संघ’ या अटीमुळे पंच आधार कार्ड मागतात आणि जाणकार पुढे होतो, “साहेब, हा आपला भाचा हाय.” अशा रीतीने त्याला दर हंगामात दोन-तीन भाचे होतात. भाचे खेळतातही चांगले, फक्त एकट्याएकट्याने. घरच्या कव्हरला पाहुण्या कोपऱ्याच्या हाताचा दाब कळत नाही. पाहुणा ‘आता’ म्हणून हात दाबतो, घरचा त्याला ‘थांब’ समजतो, आणि रेडर दोघांच्या मधून निघून जातो. पहिल्या फेरीत संघ बाहेर पडला की भाचे रातोरात आपापल्या गावी जातात आणि जाणकाराचे मन पुन्हा घडवण्याकडे वळते.

घडवण्याचेही दुखणे आहे. कोपरा तयार व्हायला तीन-चार हंगाम लागतात. त्या काळात पोरगा पहाटे उठतो, मांडीत जोर आणतो, घोटा सोडत नाही. आणि नेमकी हीच तयारी पोलीस भरतीलाही उपयोगी पडते. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर, गोळाफेक हे सगळे त्याला सोपे जाते. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या संघातून खेळून प्रमाणपत्र मिळवायची धडपड असते. मनासारखी साखळी जुळली, की डावा कोपरा भरतीत निघतो, उजवा पुण्याकडे कंपनीत जातो आणि कव्हरचे लग्न ठरते. गावाला याचा आनंद होतो. जाणकारालाही होतो, पण सत्काराच्या भाषणात तो “संघाचं मात्र नुकसान झालं” हे वाक्य घातल्याशिवाय राहत नाही. वधूपित्यासमोर त्याने हे वाक्य म्हटल्याचीही गावात आठवण आहे.

वादात हरण्याची वेळ आली की जाणकार इतिहासाकडे वळतो. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, ही गोष्ट खरी आहे. जाणकार ती पुढे नेतो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते (ते वेगळे झाले १९९८ मध्ये), अकोला वऱ्हाडात, अमरावतीही वऱ्हाडात. म्हणजे बर्लिनला एका परीने रिठदचाच संघ गेला होता. ही मांडणी ऐकल्यावर समोरचा माणूस सहसा चहाचे पैसे देऊन उठतो.

हा सगळा प्रकार वऱ्हाडापुरता आहे असे मात्र नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाने जो खेळ खेळतात, त्यात चेंडू घेणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. चेंडू त्यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही. समोरच्याला अडवायचे आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढेच काम. ही फळी मोडावी की घडवावी यावर तिथलेही जाणकार रात्रीच्या रात्री घालवतात. डॅलस काउबॉइज या संघाने २०११, २०१३ आणि २०१४ मध्ये नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत आपली पहिली निवड या फळीसाठी खर्च केली आणि टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन या पोरांना एकत्र घडवले. २०१४ मध्ये त्यांच्यामागून धावणाऱ्या डीमार्को मरेने १,८४५ यार्ड काढले. लीगमध्ये त्याच्या पुढे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी मरे फिलाडेल्फियाला गेला आणि ७०२ यार्डांवर आला. २०१६ मध्ये डॅलसने त्याच फळीमागे इझिकिएल एलियट हा नवा पोरगा उभा केला. त्याने पहिल्याच मोसमात लीगमध्ये सर्वाधिक, १,६३१ यार्ड काढले. रिठदच्या जाणकाराला हे सांगितले तर तो डॅलसला कबड्डीचे मैदान मातीचे आहे की मॅटचे, हे आधी विचारील.

सामन्याच्या दिवशी जाणकार रेषेबाहेर, कोपऱ्याच्या अगदी मागे उभा राहतो. त्याचे मार्गदर्शन सलग असते. रेडर आत आला की “धर, धर, धर बे!” पोरगा धरतो, रेडर निसटतो, की त्याच आवाजात “कायले धरलं? थांबाचं होतं ना जराक!” पुढच्या चढाईला पोरगा थांबतो आणि रेडर बोनस घेऊन जातो, तेव्हा “पुतळा हायेस का रे?” अशी विचारणा होते. पकड यशस्वी झाली तर जाणकार काही बोलत नाही; आजूबाजूच्या चारपाच जणांकडे वळून, मान हलवून, हे आपणच शिकवले असल्याचे सुचवतो. या काळात कोपऱ्याचा मुलगा त्याचे ऐकत नसतो असा अनुभव आहे, आणि ज्या गावचे कोपरे बहिरे असल्यासारखे खेळतात त्यांच्या पकडी जास्त होतात.

मूळ प्रश्नाचा निकाल लावणे अवघड नाही. कोपरे आणि कव्हर गावातच घडवावेत, त्यांना तीन हंगाम एकत्र खेळू द्यावे, आणि लहान वजनगटातून पुढची जोडी आधीच उभी करून ठेवावी, कारण भरतीची जाहिरात संघाला विचारून निघत नाही. पैसे जमलेच तर ते रेडरवर खर्चावेत. रेडर आल्या दिवशी खेळू शकतो, साखळी नाही. जाणकारालाही संघाबरोबर ठेवावे. तो वर्गणी देत नाही, पण कडाक्याच्या थंडीत रात्री दोन वाजताच्या सामन्यालाही मफलर बांधून हजर असतो, आणि तेवढी हजेरी खेळाडूंच्या घरचेही लावत नाहीत. फक्त संघनिवडीच्या दिवशी त्याला बर्फ आणायला रिसोडला पाठवावे.