कांद्याच्या गावची मिरवणूक

नेदरलँड्समधल्या आमच्या लिसे गावात एप्रिलमधला एक शनिवार असा येतो, की दूध आणायला निघालेल्या माणसाला रस्ताच ओलांडता येत नाही. नोर्डवाइकहून हार्लेमला फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते. अंतर ४२ किलोमीटर, सकाळपासून रात्रीपर्यंत. १९४७ पासून चाललंय. पुण्याची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्याला एवढ्या वेळाचं काही वाटत नाही. खटकतं ते एवढंच, की ही मिरवणूक सांगितलेल्या वेळेला समोर येते.

यंदा निफाडहून आण्णा आले होते. चाळीस वर्षं त्यांनी कांदा पिकवला आणि लासलगावच्या लिलावात त्याचे भाव सोसले. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी त्यांना ट्युलिपची शेतं दाखवायला नेलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांपुढे उभं करून मी फोटो काढतोय, तोच मागून एक यंत्र आलं आणि फुलांची मुंडकी उडवत निघून गेलं. मी ‘अरे अरे’ करत राहिलो. आण्णा बांधावर उकिडवे बसून, मालकाला न विचारता, चिमूटभर माती चोळून बघत होते.

“रेताड हाये. निचरा चांगला,” ते म्हणाले. “आन् ओरडतो कशाला? कांदा पोसायचाय त्यांना. फूल ठेवलं तर कांदा बारीक राहतो. आपण डेंगळे मोडत नाही का?”

इथं इतकी वर्षं राहून मी फुलंच पाहत होतो.

शनिवारी वारा असा, की आण्णांनी कानटोपीवर माझ्या बायकोची शाल गुंडाळली. रथ दिसण्याआधी हायसिंथचा वास आला, थेट डोक्यात चढणारा. अख्ख्या रथावर एकेक फूल टोचून बसवलेलं. शेजारणीनं हायसिंथची माळ आणून दिली, ती इथल्या रिवाजाप्रमाणे गाडीच्या बॉनेटवर बांधायची. “दसराय का आज?” आण्णांनी विचारलं आणि गाठ स्वतः मारली. माझी सुटली असती, असं त्यांचं मत.

हार्लेमचं नाव निघालं म्हणून मी १६३७ ची गोष्ट सांगितली. ट्युलिपच्या एकेका कांद्याला घराएवढी किंमत आली होती, मग हार्लेमच्या एका लिलावात गिऱ्हाईकच उभं राहिना आणि भाव कोसळले. मला वाटलं, हसतील.

“रस्ता अडवला का कुणी?”

“नाही, आण्णा.”

“मग काय उपयोग!”

परतताना दुकानात ग्लॅडिओलसचे कंद दिसले, जाळीच्या पिशवीत दहा. आण्णांनी पिशवी हातात तोलली, उलटीपालटी केली. किलोचा भाव कुठं लिहिलाय, म्हणून मला चष्मा काढायला लावला. मी सांगितलं, इथं नगावर विकतात.

रात्री जेवले नाहीत नीट. निफाडला फोन लावून धाकट्या काकांना तीनदा एवढंच सांगितलं, “नगावर, बाळ्या! मोजून!”