जिद्द : वापरण्यापूर्वी वाचा

छत्रपती संभाजीनगरात 'जिद्द' हा शब्द उच्चारण्याआधी समोरचा माणूस कोणत्या भाषेत ऐकतो आहे, याची खात्री करून घ्यावी. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'विरुद्ध', 'उलट'. फारसीच्या वाटेने तो इकडे आला आणि त्याने दोन संसार थाटले. शहागंजातल्या दखनी घरात पोराला 'जिद नक्को करो' म्हणून दटावतात; गुलमंडीच्या मराठी घरात तेवढ्याच वयाच्या पोराला 'जिद्द सोडू नकोस' म्हणून बजावतात. (मराठीने जिद घेतली, दखनीला 'नको' दिला. या सौद्यात कोण फसले, ते अजून ठरायचे आहे.)

मराठीत वापरताना पथ्य एकच: काम तडीस जाईपर्यंत हा शब्द बाहेर काढू नये. तोवर हट्ट, हेका, खूळ यांवर भागवावे. वेरूळचे सोळावे लेणे, कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, वरून खाली कोरत आणलेले. दंतकथा सांगते, शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असे राणीने व्रत धरले. पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकाराने आठवड्यात शिखर दाखवतो म्हटले आणि डोंगराच्या माथ्यालाच छिन्नी लावली. राणीचा तो हट्ट, कोकसाची ती जिद्द. शिखरानंतर उरलेला डोंगर ज्यांनी उपसला त्यांच्यासाठी दंतकथेने शब्द तर सोडाच, नावेही ठेवली नाहीत.

यश मिळाले तरच जिद्द, हा वाण्याचा हिशेब झाला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून आला, मोगलांशी आयुष्यभर झुंजला, 1626 मध्ये वारला आणि पुढे दहा वर्षांत त्याची निजामशाही बुडाली. तरी त्याला हेकेखोर म्हणायला जीभ रेटत नाही. कारण त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, त्याच्या नहरीने पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले. उलट 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेला आणली, काही वर्षांत ती परत नेली, आणि पायपीट झाली ती लोकांची. त्याच्या नावाचे मराठीत विशेषणच झाले. तेव्हा शब्द निवडताना जय-पराजय बाजूला ठेवावा आणि त्या हेक्यापायी कोण चालले, पाणी कोण प्याले, एवढेच पाहावे. नहरीच्या त्याच शहरात आज नळाला पाणी येण्याचे वार मोजत बसणाऱ्यांना कोणता शब्द लावावा, अशी विचारणा होते. तूर्त 'सवय' लिहावे.