सिकेटरवाले नाना

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या कॉलनीत नाना अवतरतात. डोक्याला कानटोपी, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात सिकेटर. त्याला कात्री म्हटलेलं नानांना खपत नाही. उभी हयात बँकेत वसुलीवर गेली, त्यामुळे वाढलेली फांदी त्यांना थकलेल्या कर्जासारखी दिसते. ‘‘हे इतकं वाढू कसं दिलंत?’’ असं फाटकातूनच विचारतात, आणि आपण उत्तर जुळवेपर्यंत दोन फांद्या पायाशी पडलेल्या असतात.

माणूस अडाणी नाही, हं. गुलाबाची काडी धरली की आधी डोळा शोधणार, तोही बाहेरच्या अंगाला तोंड असलेला. त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. काप एका झटक्यात. काडी चेंगरली तर स्वतःवरच चिडतात. रोगट काडी कापली की पातं स्पिरिटने पुसणार. जाड फांदीच्या जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, आणि ती फासायला जुना दाढीचा ब्रश. मोगऱ्यात तर त्यांचा हात धरणारा नाही. थंडीत पाणी तोडतात, झुडूप छाटतात, उरलेली पानं ओरबाडतात. काकू ‘‘मेलं वाटतं’’ म्हणत हळहळतात, आणि उन्हाळा लागला की त्याच काकू शेजारीपाजारी गजरे वाटत फिरतात.

घोळ झाला तो मुलाकडे कॅनडाला जाऊन आल्यावर. तिथे मार्चमध्ये, बर्फात उभं राहून सफरचंदाची झाडं छाटणारी माणसं त्यांनी पाहिली. पानं गळालेली, झाड झोपलेलं. कुठली फांदी कुठल्या फांदीला घासते ते लख्ख दिसतं. तिथल्या हवेत ते अगदी बरोबर. नाना मात्र ‘झाड छाटायचं ते थंडीतच’ एवढं सूत्र घेऊन पुण्यात उतरले.

आता आपला आंबा काही थंडीत पानं गाळून झोपत नाही. त्याची मोहरायची तयारी चाललेली असते, आणि मोहोर धरतो फांदीच्या शेंड्याला. नानांनी ऐन पौषात शेजारच्या वकीलबाईंच्या केशर आंब्याचे सगळे शेंडे एका सकाळीत सारखे करून टाकले. खाली उतरून म्हणाले, ‘‘आकार बघा आता!’’

बाई म्हणाल्या, ‘‘नाना, यंदा आमरस आकाराचाच करू का?’’

आंबा छाटायचा तो फळं उतरल्यावर, हे माळ्याने त्यांना सांगून पाहिलं. नानांनी त्याला विचारलं, ‘‘तू कॅनडा पाहिलायस?’’

नानांच्या स्वतःच्या अंगणातलं जांभूळ मात्र विजेच्या तारेला टेकलंय. ते का नाही छाटत, असं विचारलं की आवाज खाली येतो. ‘‘महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे.’’ कायदा खरा आहे. फक्त नानांच्या कुंपणापलीकडे तो लागू होत नाही.

तेव्हा तुमच्या दारात आंबा असेल आणि थंडीत नाना आलेच, तर चहा द्या, मोगरा दाखवा, गुलाबही त्यांच्या हवाली करा. शिडी तेवढी आदल्या रात्रीच कुलपात टाका.